डॉर्नफेल्डरचा डाग

भिवंडी, ११ फेब्रुवारी २००७

ती. दादांस,

अवधूतचा नमस्कार. (साष्टांग घालायला माझा गुडघा आता राजी नाही, तेव्हा मी मनाने आडवा झालो आहे असे समजावे.) इकडे मी आणि सुनीती ठीक आहोत. वहिनींची पाठ आता कशी आहे? शार्दूलने आणून दिलेल्या द्राक्षाच्या काढ्याने तुमचा खोकला थांबला आणि झोपही छान लागते, हे वाचून बरे वाटले. मुलगा नाशिकला राहून द्राक्षांवर संशोधन करतो त्याचा घरात निदान एवढा तरी उपयोग झाला, असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे.

तुमच्या आज्ञेप्रमाणे काल पूर्णा गावी केसरीनाथशेठच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या मुलीचे, पूर्वीचे, स्थळ शार्दूलने परस्पर ठरवले, ते आपल्याला मान्य नाही, हे न दुखवता सांगायचे होते. त्या लोकांत हळदीला दारूचे पिंप लागते आणि आपल्या घराण्यात कोणी थेंबालाही शिवलेले नाही, हे तुमचे कारण मी सौम्य शब्दांत बसवून पाठ केले होते. पोशाख पांढरा केला होता. (नकार द्यायला जाताना माणूस स्वच्छ दिसलेला बरा, असे सुनीतीचे मत.)

पण निघायच्या वेळी दारात शार्दूल उभा. मी मागणी घालायलाच निघालो आहे अशी त्याची समजूत, आणि ती मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. बरोबर कापडी पिशवीत एक बाटली. रिक्षा नाका ओलांडून पुढे गेली तेव्हा म्हणाला, "काका, मी संशोधन करतो हे खरं आहे. पण त्याचा शेवट बाटलीत होतो." दादा, तुमचा मुलगा वाइन करतो. मी रिक्षाचा दांडा धरला. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "चाचा, उलटी आयेगी तो बोलना, साइड में लेता हूँ." मला उलटी येत नव्हती. काहीच येत नव्हते. पाठ केलेला नकारसुद्धा.

केसरीनाथशेठचे घर तिमजली, चारी बाजूंनी त्यांचीच गोडाउने, अंगणात कंटेनर वळतात. त्यांची पूर्वी गोडाउनांचा हिशेब बघते आणि शार्दूल माल ठेवायला जागा बघायला आला तिथेच हे सगळे सुरू झाले. माल म्हणजे द्राक्षे असे मी आजवर समजत होतो. आम्हाला बसवून शेठनी चहा मागवला. मी घसा साफ करून "आमच्या थोरल्या बंधूंचं म्हणणं असं" एवढे बोललो, तोच शार्दूलने बाटली टीपॉयवर ठेवली आणि सांगितले, मी हे करतो, लपवून मुलगी मागणार नाही. (वेळ निवडण्याची त्याची ही हातोटी तुमच्यावर गेली आहे.)

आता ऐका. केसरीनाथशेठ बैठकीला, म्हणजे दासबोधाच्या निरूपणाला, जातात. बारा वर्षांपासून घरात थेंब नाही. मोठ्या मुलाची, भावेशची, हळद त्यांनी ताकावर केली, आणि अर्धे गाव रुसले तरी बधले नाहीत. ते बाटलीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "मास्तर, तुमचा पोर दारू गालतो, आन् तुमी आमची पोर मांगाला आलाव? आमाला वाटलं, बामनाचं घर हाय, निर्मल आसंल. न्हाय जमाचं."

म्हणजे जो नकार मी खिशात घालून गेलो होतो तो त्यांनी मला दिला, आणि तोही आपल्याच कारणासाठी! इथे नमस्कार करून उठायचे होते. काम फत्ते होते. पण पूर्वी आतल्या दारात उभी होती, तिच्या तोंडाकडे माझी नजर गेली. शार्दूल तर शाळेत नापास झालेल्या पोरासारखा बाटलीवरचा कागद खरवडत होता. शिवाय दादा, खरे सांगतो, आपल्या मुलाला कोणी नको म्हणावे हे मला सोसवेना. मी उठलो आणि वाइनची बाजू मांडू लागलो. आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा विषय माहीत नसताना बोलण्याची सवय आहे.

म्हटले, ही गुत्त्यावरची दारू नव्हे. शार्दूल, सांग ना! मग शार्दूलने सांगितले. द्राक्षाचे नाव डॉर्नफेल्डर. मुळात जर्मनीतले, तिथल्या एका संशोधकाने पन्नास वर्षांपूर्वी दोन जातींचा संकर करून काढलेले. पारूमावशींनी (म्हणजे पार्वतीबाई, शेठच्या सौ.) ताबडतोब विचारले, "आई कोन? बाप कोन?" आई हेल्फेनस्टायनर, बाप हेरोल्डरेबे. ते दोघेही संकरितच. मावशींनी चारही आजी-आजोबांची नावे विचारून घेतली आणि म्हणाल्या, "म्हंजी कोनीच कोनाच्या जातीतला न्हाय. तरी द्राक्ष झाला ना?" मी तुमची आठवण काढली.

शेठनी एकच विचारले, एवढा खटाटोप कशाला? शार्दूल म्हणाला, रंगासाठी. तिकडच्या लाल वाइन फार फिक्या व्हायच्या, म्हणून गडद रंग देणारे द्राक्ष हवे होते. नंतर कळले की नुसते रंगालाच नाही, चवीलाही चांगले आहे. रंग म्हटल्यावर मात्र शेठ सावरून बसले. गोडाउनांच्या आधी त्यांचे लूम होते, त्यामुळे कापड आणि रंग यांपुढे त्यांना काही दिसत नाही. पिऊन पाहणे शक्य नव्हते. त्यांनी आतून ग्रे कापडाची, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाची, पट्टी फाडून आणवली, वाइन पेल्यात ओतायला लावली आणि पट्टी बुडवून उजेडात धरली. वाइनची अशी परीक्षा जर्मनीत कोणी घेतली नसेल. "लय गैरा रंग हाय," शेठ म्हणाले. "मास्तर, कोनचा मसाला न टाकता?"

मी विजयाने हात उडवला. पेला माझ्या पोटावर रिता झाला.

पारूमावशींनी तत्परतेने धुण्याच्या साबणाची वडी आणून माझा सदरा, मी आत असतानाच, चोळला. आणि दादा, जांभळट लाल डाग आमच्या डोळ्यांदेखत निळा झाला! शाईसारखा निळा, कडेने हिरवट. शार्दूल साबण, क्षार असे काही सांगत होता, पण कोण ऐकतो. शेठ पट्टी टाकून उभेच राहिले. "रंग पलटतोय! आता लाल, घटकाभरात निला. असला माल गिऱ्हाईक तोंडावर फेकंल. आन् पोरगा पन असाच निघला तं?" पूर्वी आत निघून गेली. मी निळ्या पोटाने उभा. मला वाटले, संपले.

पारूमावशींनी नवऱ्याकडे असे पाहिले, की मीच एक पाऊल मागे सरलो. "हलद साबनानं लाल होत न्हाय? भावेशच्या लगनात तुमचा धोतर लाल झालता, तवा सून परत धाडलीव काय?" एवढे बोलून त्यांनी चहाच्या ट्रेमधले लिंबू उचलले आणि माझ्या पोटावर पिळले. निळा डाग पुन्हा लाल झाला. स्वच्छ, सणासारखा लाल. (लिंबू थंड होते. मी ओरडलो ते त्यामुळे.)

शेठ बराच वेळ माझे पोट न्याहाळत राहिले. मग त्यांनी निकाल दिला. मुलगा लपवाछपवी करणारा नाही, रंग पक्का नसला तरी परत येणारा आहे. बाटली लग्नात दिसता कामा नये. शार्दूलचा माल ठेवायला गोडाउन मिळेल, पण भाडे जावयालाही पूर्ण. पिणे वेगळे, ठेवणे वेगळे.

परत येताना रिक्षावाल्याने माझा सदरा बघून न विचारताच रिक्षा इस्पितळाकडे वळवली. "चाचा, किसने मारा?"

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहावा.

तुमचा,
अवधूत

ता. क. साखरपुडा येत्या रविवारी आहे. तुमचा होकार मी तिथल्या तिथे देऊन टाकला. तुम्ही होकार दिला आहे हे तुम्हाला कळावे, एवढ्यासाठीच हे पत्र. आल्यावर फक्त हसावे.

ता. क. २. सदरा तुमचा होता. दिवाळीला इथे राहिलेला.

ता. क. ३. साखरपुड्यात केसरीनाथशेठ तुमची ओळख सगळ्या पाहुण्यांना "जन्मात थेंबाला न शिवलेले व्याही" अशी करून देणार आहेत, म्हणून कळवणे भाग आहे. शार्दूलने येताना रिक्षात आणखी एक गोष्ट सांगितली. तुमच्या काढ्याच्या बाटलीतले दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकून साबण लावून पाहावा. निळे झाले तर घाबरू नये. घरात लिंबू असेलच.