गुरुवारची फेरी आणि बेन्युएलची साक्ष

२ मे, शनिवार
जनेल आली होती. माझ्या व्हॅनभोवती दोन चकरा मारल्या, मागच्या बंपरवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "डॅड, हा हिरवा रंग कुणाच्या टपालपेटीचा?" म्हटलं, जुना आहे. म्हणाली, गेल्या आठवड्यात नव्हता. मुलीला नर्स होऊ दिलं ही चूकच झाली. सगळ्यांकडे पेशंट म्हणून बघते.
तिला किल्ल्या हव्या आहेत. अठ्ठ्याहत्तर हे काही गाडी सोडायचं वय नव्हे. अर्धा तास वाद. शेवटी तह झाला: एक दिवस तिने शेजारी बसायचं, मी दिवसभर चालवायची. काही घडलं नाही तर किल्ल्या माझ्याकडे, विषय कायमचा बंद. घडलं तर तिच्याकडे. लगेच हो म्हटलं. हसू आवरत नव्हतं.

३ मे, रविवार
फेरी आमिश वस्तीतूनच. तिथले रस्ते मला झोपेतही सापडतील. ती जुन्या वळणाची ख्रिस्ती माणसं, घोड्याच्या बग्गीने फिरतात, स्वतः मोटार चालवत नाहीत, लांब जायचं तर ड्रायव्हर बोलावतात, आणि अकरा वर्षं तो ड्रायव्हर मी होतो. लग्नं, मयतं, दाताचा डॉक्टर, सगळीकडे मी.
दुपारी माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, बेन्युएल एशच्या घरी थांबायचं. तो जनेलला सांगेल मी कसा चालवतो ते. आमिश माणूस खोटं बोलत नाही, हे तिलाही मान्य आहे. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.
दोन वर्षांत त्याने मला बोलावलेलं नाही. उघड आहे, घराबाहेर पडणं कमी झालं असेल. वय होतंय त्याचंही.

५ मे, मंगळवार
दिवस ठरला. गुरुवार, १४ तारीख. शनिवार-रविवारी टूरिस्ट लोक रस्त्यात थांबून गाईंचे फोटो काढतात. गुरुवार कामाचा दिवस, आमिश सगळे शेतात, रस्ता मोकळा. असा विचार करायला अनुभव लागतो. बेन्युएलला कळवलेलं नाही. साक्ष ताजी हवी.
संकल्प: दोन्ही हात स्टिअरिंगवर. दुसऱ्यांच्या ड्रायव्हिंगवर बोलायचं नाही. चष्मा मात्र ड्रॉवरमध्येच राहू दे. पाठ असलेल्या रस्त्याला चष्मा कशाला?

९ मे, शनिवार
सराव. कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलो. दुकानासमोरच्या खांबाला किंचित स्पर्श. खांब तिथे कुणी लावला, त्याला विचारायला हवं. घरी येऊन चार वाजताच झोपलो. हल्ली चांगला ड्रायव्हर असणंही दमवतं.

१४ मे, गुरुवार, सकाळी ६
झोप नाही. गुडघा. हवा सुंदर. जनेल थर्मास घेऊन आली आणि, का कोण जाणे, प्रथमोपचाराची पेटी.

सकाळी ९.४०
बेकरी बंद. रूबार्बचा पाय, म्हणजे त्यांचा तो आंबट देठांचा भाजलेला गोड पदार्थ, खायचा म्हणून नाश्ता केला नव्हता. गोधड्यांचं दुकान बंद. रोपवाटिका बंद. शेतात एक खेचर नाही, एक माणूस नाही. म्हटलं, आळशी झालेत हे लोक. जनेल उतरून बेकरीच्या दारावरचा पुठ्ठा वाचून आली. "डॅड, आज असेन्शन डे आहे. यांची सुट्टी."
ईस्टरपासून चाळिसावा दिवस, येशू स्वर्गात गेला तो. कामं बंद, दुकानं बंद, सगळे नातेवाइकांकडे. मला माहीत होतंच. अकरा वर्षं याच दिवशी मला सगळ्यात जास्त फेऱ्या पडायच्या. पण हा दिवस दरवर्षी तारीख बदलतो, याला मी काय करणार?
जनेल म्हणाली, "तुला झोपेतही सापडतं ना सगळं? मग तू झोपेतच असशील." गाडी सुरू केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. संकल्प.

सकाळी ११.१५
सगळा जिल्हा बग्ग्या जुंपून पाहुणचाराला निघालाय. आमच्यापुढे नऊ. ताशी आठ मैल. जनेल म्हणाली, "बघ, या वेगात तू किती छान चालवतोस!" पायाने ढकलायच्या स्कूटरवरची एक पोरगी आम्हाला मागे टाकून गेली, वर हात करून गेली. पिवळी रेघ एकदा ओलांडली गेली. रेघ फार फिकी झाली आहे. रंगवायला हवी. जनेलने डॅशबोर्ड धरला होता. उगीच.

दुपारी १.३०
बेन्युएलच्या अंगणात. गाडीत बसून लिहितोय.
इथे वीसेक बग्ग्या, पन्नासेक पाहुणे, पोरांचा व्हॉलिबॉल. न सांगता आलो तरी सगळे प्रेमाने भेटले. हॅम, बिटाच्या रसातली लाल अंडी, रूबार्बचा पाय. दोन तुकडे खाल्ले. बरं चाललं होतं.
मग जनेलने टेबलावर सगळ्यांसमोर विचारलं, "बेन्युएल, डॅडच्या गाडीत तू अजून बसशील?" त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. म्हणाला, "नाही, जनेल. दोन वर्षं झाली, आम्ही एका ड्रायव्हर बाईला बोलावतो." मग म्हणाला, "एल्वुड माणूस फार चांगला आहे. पण आई म्हणाली, यापुढे मी चालत जाईन."
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, तू विचारलं नाहीस.
निघतो म्हटलं. जनेल आत बायकांचा निरोप घेतेय. तोवर गाडी वळवून ठेवतो.

दुपारी १.५०
बग्गी वाकडी उभी होती.

दुपारी ४
घरी. तपशील नोंदवून ठेवावा. घोडा सोडलेला होता, आत कुणी नव्हतं, कुणाला काही लागलं नाही. मागचं चाक मोडलं. बग्गी नेमकी लिडियाची, म्हणजे बेन्युएलच्या आईची. वय शहाऐंशी. विसांपैकी तीच कशी सापडली?
मी मुद्दे तयार ठेवले होते. उतार. ऊन डोळ्यांवर. काळ्या कोठारापुढे राखाडी बग्गी. बेन्युएल आला, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तुला लागलं नाही ना? माफ केलं." म्हटलं, अरे पण ऐक तरी! म्हणाला, "झालं ते झालं. चल, कॉफी घे." इन्शुरन्सचं नाव काढू देईना. यांच्यात हे असंच. आधी माफ करून मोकळे होतात, बोलायचं ते नंतर, आणि नंतर कुणी बोलतच नाही. भांडला असता तर मी जिंकलो असतो.
येताना जनेलने चालवली. टोमणा नाही, काही नाही. न्यू हॉलंड गावच्या सिग्नलला बघितलं तर रडत होती. फार वाईट वाटलं. मला वाटलं होतं, तिला जिंकल्याचा आनंद होईल.

१६ मे, शनिवार
किल्ल्या दिल्या. तात्पुरत्या.

१८ मे, सोमवार
जनेलने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गुरुवारची वेळ घेतली. तिला स्वतःला ड्यूटी. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटते. शेवटी बेन्युएलला फोन केला. त्यांचा फोन शेताच्या कडेला खोपट्यात असतो, निरोप दिवसातून एकदा ऐकतात. निरोप ठेवला: त्या ड्रायव्हर बाईचा नंबर दे. आधी तीनदा खाकरलो. तेही रेकॉर्ड झालं असणार.

२१ मे, गुरुवार, संध्याकाळी ५
बाई वेळेवर आली. डॅनिका. जेमतेम तिशीची. पुढे बेन्युएल, मागे लिडिया, त्यांनाही त्याच गावात काम. मोकळी जागा लिडियाच्या शेजारी. बसलो. चाकाबद्दल ती काही बोलली नाही. "एल्वुड, पट्टा लाव," एवढंच.
डॅनिकाने चुकीचं वळण घेतलं. तोंड उघडलं, मिटलं. दहा मिनिटं आधी पोहोचलो.
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने विचारलं, गाडी चालवता का? म्हटलं, सोडली. स्वतःहून.
परतताना पाच मिनिटांत लिडियाला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. खांदा अवघडला, पण हललो नाही. बेन्युएलने मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाला, "आईचं हे असंच. गाडीत बसली की झोपते."
माझ्या गाडीत अकरा वर्षांत ती एकदाही झोपली नव्हती. मला वाटायचं, तिला माझ्या गप्पा आवडतात.