एकच उघडी फाइल

८ मे, गुरुवार

आज दिव्याला कामावरून काढलं. माझ्या शब्दावर. जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या आंबा संस्थेत दिव्याचं काम म्हणजे प्रत्येक खेपेतले थोडे आंबे कापून साका बघायचा. आत पांढरं, पिठूळ फळ निघालं की ती खेप परदेशी जायची नाही. तिचा मामा बाबू याची खेप गेली आणि तिकडून फोटोसकट तक्रार आली — साका! मशीनवर, म्हणजे संगणकावर, मात्र खेप ‘चांगली’.

ती एवढंच म्हणत राहिली, "मी साका लिवलंय, बाई. माज्या हातान लिवलंय."

अध्यक्ष दत्तारामभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी ताडकन म्हटलं, "मशीन आपल्या मनाने काही बदलत नाही." त्यात मामाची खेप. कारण शोधायची गरजच उरली नाही.

९ मे, शुक्रवार

खोटंच बोलायचं असतं तर ‘विसरले’ म्हणाली असती. निम्मी सुटली असती. ती तसं म्हणाली नाही.

आणि एप्रिलमधला तो बदल माझाच.

गाड्यांची रांग फाट्यापर्यंत जायची. आमचं मशीन जुनं, मधल्या आकाराचं. त्यावरचे प्रोग्रॅम मी लिहिलेले. प्रत्येक प्रोग्रॅम खेपांची फाइल स्वतः उघडणार, काम करणार, बंद करणार — सगळा वेळ त्या उघडझापीतच जायचा. मी ठरवलं, एकाने उघडलेली फाइल दुसऱ्यानेही वापरावी. बदल एवढासा. स्क्रीन झटक्यात यायला लागली. दत्तारामभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी मशीन पळवल्यानी." मला आवडलं. खूप आवडलं.

तपासलं काय? फक्त वेग.

१० मे, शनिवार

सापडलं. नसतं सापडलं तर बरं, असंही क्षणभर वाटलं. लाज वाटते लिहायला.

फाइल एकच उघडी, म्हणजे फाइलीतली जागाही एकच. दोघांनी एकच पोथी वाचायची आणि ओळीवर बोटही एकच ठेवायचं — तसं. दिव्या निकाल लिहिण्याआधी त्याच बागायतदाराची आधीची खेप काढून बघते. ती दाखवायला दुसरा प्रोग्रॅम येतो, बोट आधीच्या खेपेवर नेतो आणि तिथेच सोडून जातो. मग ती ‘साका’ लिहिते. तो पडतो आधीच्या खेपेवर. आणि साका न लिहिलेली खेप मशीन ‘चांगली’च धरतं.

बाबूच्या आधीच्या खेपेवर साका लिहिलेला आहे. दिव्याच्या नावाने! ती खेप केव्हाच रवाना झालेली, तिकडे पुन्हा बघणार कोण?

बाकीची माणसं आधीची खेप काढून बघतच नाहीत. कंटाळा. म्हणून चूक फक्त तिच्या टेबलावर झाली. आणि ‘आधीची खेप बघितल्याशिवाय निकाल लिहायचा नाही’ हे तिला शिकवलं मीच.

बदल मागे घेतला. प्रत्येकाची फाइल पुन्हा वेगळी. त्या नोंदींची पानं छापून पर्समध्ये ठेवली.

११ मे, रविवार

दत्तारामभाऊंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग पंखा वाढवला. मशीनची नोंद चुकते हे व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं तर उरलेला माल कोण उचलणार, असं म्हणाले. ते खरंच आहे.

"सीझन संपाक दे, बाई. मगे तिका परत घेवया. आता तुमचा नाव घालवून कोणाक काय गावतला?"

मी ‘बरं’ म्हटलं. वर चहाही प्याले.

१२ मे, सोमवार

दिव्याच्या आईने, सावित्रीने, गावच्या देवळात कौल लावला. मी कशाला गेले? मागे खांबाशी उभी राहिले. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं — पोरीने साका लिहिला असेल तर उजवा दे.

डावा पडला.

लोक दिव्याकडे बघेनात. ती सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, माज्याच हातान चुकला असतला. तुमका उगाच खोटा पाडलंय."

माझी माफी मागितली तिने! स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडाला.

मी कौल मानत नाही. पण देवाला विचारायची पाळी त्या मायलेकींवर मी आणली. आणि उत्तर माझ्या पर्समध्ये घडी घालून होतं. मी पर्स उघडली नाही. रिक्षाने घरी आले.

१३ मे, मंगळवार

सकाळीच दिव्याच्या घरी गेले. माझ्या सहीचं पत्र आणि छापलेली पानं तिच्या हातात दिली. तिने उभ्यानेच वाचलं.

"म्हणजे काल देवळात तुमका सगळा म्हायत होता?"

"हो."

ती आत गेली.

तीच पानं संचालकांना आणि तक्रार करणाऱ्या व्यापाऱ्याला दिली. दत्तारामभाऊंना राजीनामा, मशीनच्या खोलीची किल्ली, पासवर्ड. त्यांच्याकडून पोच घेतली.

दिव्याकडे मागितली नाही.