पोपटमास्तरांच्या पोटातला आवाज

प्रिय चिंगे,

फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पत्र. लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग काय हवं ते कर.

पोपटमास्तर आठवतात ना? आईच्या वर्गातला तो प्लास्टिकचा बोलका पोपट, पोटावर चित्रांची बटणं असलेला. खेळणी बनवणारी माणसं शाळेत आली होती आणि सगळ्या शिक्षकांतून त्यांनी आईचाच आवाज निवडला, उच्चार स्वच्छ म्हणून. मग काय, बाईंचे पाय जमिनीला लागेनात. बटण दाबलं की आईच बोलायची, 'घोडा', 'शिडी', 'फळा'. तू 'फला' म्हणायचीस, आणि वर पोपटालाच शिकवायला बसायचीस की अरे, असं म्हण. हट्टीपणा तुला कुणी शिकवावा लागला नाही.

तो पोपट मी शाळेच्या अडगळीच्या खोलीतून मागून आणलाय. आईचा तो आवाज मला हवा होता, आणि तो दुसरीकडे कुठेच नाही. खेळण्यांची कंपनी कधीच बंद पडली, आणि घरचं माणूस घरातच आहे म्हटल्यावर त्याचा आवाज कोण जपून ठेवतं? दुकानात आणून उघडला तर बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवं किटण, स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडलेला. त्याचं काही नाही, असली दुरुस्ती मी रोजच करते. पण शब्द असतात एका चिपमध्ये. या जुन्या चिपच्या पाठीवर काचेची चिमुकली खिडकी असते, आणि तिच्यातून ऊन आत गेलं की साठवलेलं हळूहळू पुसलं जातं. म्हणून वर चिकटपट्टी लावतात. ती पट्टी सुकून गळून पडली होती, पाठीचं झाकण तुटलेलं होतं, आणि पोपट कधीपासून त्या खोलीच्या खिडकीत पडला होता देव जाणे. 

नवा स्पीकर जोडून शिडी दाबली. नुसती खरखर. घोडा अर्ध्यावर तुटला. चिप उपसून वाचायच्या यंत्रात घालायची, एवढाच मार्ग होता, पण तिचे पाय गंजलेले, आणि उपसताना एक पाय तुटून हातात आला. शेजारचा घड्याळवाला नेमका तेव्हाच चहाला बोलवायला आला आणि त्या बिचाऱ्यावर मी उगाच खेकसले. उरलेल्या थोटकाला केसाएवढी तार सोल्डर केली. तिथे उष्णता जरा जास्त लागली असती तर सगळाच कारभार आटोपला असता. मग वाचायला घेतलं तर दर वेळी वेगळंच काहीतरी येई. कधी फळा फाटलेला, कधी घोडा. व्होल्टेज जरासं वाढव, जरासं उतरव, पुन्हा वाच. तुझा राग येत होता, खरं सांगते. धीर द्यायला तू इथे असायला हवी होतीस, असं सारखं वाटत होतं. अखेर लागोपाठ सारखीच वाचनं आली. मी ती नव्या चिपवर उतरवली आणि खुर्चीवर चक्क रडत बसले.

आईचा घसा बसलाय, असं मी तुला कळवलं होतं. ते सर्दीचं नव्हतं. गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाजाचं मात्र नाव काढत नाहीत.

पोपट मी आईच्या मांडीवर ठेवला. तिनं सगळी बटणं दाबून पाहिली, बरी बोलत होते की मी, असं घोगऱ्या आवाजात म्हणाली. नंतर म्हणाली, यात धाकटीचं नाव नाही. तू दार आपटून गेलीस तेव्हापासून तिनं तुझं नाव घेतलेलं नाही. 'ती' म्हणायची. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता स्वयंपाकघरात एकटीच ते नाव म्हणून बघते. दुसऱ्या अक्षरावर आवाज चिरकतो, मग परत पहिल्यापासून. मी रेकॉर्ड करू का विचारलं तर खवळली, मला यंत्राला नाही, तिला हाक मारायचीय म्हणाली. म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत ये. नाहीच जमलं तर निदान फोन उचल. काही बोलू नकोस, माफ तर मुळीच करू नकोस, तो तुझा प्रश्न. आई हाक मारेल, तेवढी ओ दे.

भांडलीस तरी तुझीच,
ताई