छपरावरचे तीन किलोवॅट

हिंजवडी,
६ ऑक्टोबर २०२५

चि. संस्कृती हिला आजीचे उदंड आशीर्वाद.

आमचं बरं हाय. चौथीत शाळा सुटली तरी माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं हाय, हसू नको. सूरजकाका म्हणतो, गच्चीवर सोलर बसवू. केवढं बसवायचं ते नागपूरच्या इंजिनेर बाईंना विचार. म्हंजे तुलाच. तर लिहून घे. पंखे चार, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर, काकूचा मिक्सर (फिरवते कमी, मिरवते जास्त, कुणाला सांगू नको). आणि तुझ्या आजोबांचं हवेचं मशीन, ते दिवसरात्र चालू. खरा घोर त्याचाच. मागच्या गुरुवारी लाईट गेली आन् ह्यांचे ओठ जांभळे पडले. काका-काकू कामावर, घरात आम्ही दोघंच. ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी मीच कशीबशी लावली. वर्षाची बिलं सोबत धाडली हायेत.

माया पातळ करू नको.

तुझी आजी


नागपूर,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस, संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

बाराही बिलं जपून ठेवलीस, धन्य आहेस! महिन्याची सरासरी तीनशे तीस युनिट निघते. एका किलोवॅटचे महिन्याला साधारण एकशे दहा युनिट धर, म्हणजे तीन किलोवॅट पुरे. फक्त शेजारच्या नव्या टॉवरची सावली गच्चीवर कुठवर येते, ते काकाला बघायला सांग. आजोबांना म्हणावं, आता तुमचं मशीन सूर्यच चालवणार!

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी संस्कृती


नागपूर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

एक चूक झाली. मी नुसती युनिटांची बेरीज केली, लाईट गेल्यावर काय ते लिहिलंच नाही. बॅटरी नसेल तर बाहेरची लाईट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्यांना शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. मशीनसाठी वेगळी बॅटरी घ्यावी लागेल. तोवर सिलिंडर अजिबात हलवू नकोस. काका फोन उचलत नाही आणि तुला फोनवर ऐकू येत नाही. पण काम डिसेंबरात आहे, त्याआधी हे पत्र पोचेलच.

काळजी घे आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी संस्कृती


हिंजवडी,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. संस्कृती हिला आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

अगं, सोलर बसलं! डिसेंबर म्हणाले होते, पण माणसं मोकळी होती, परवाच जोडून चालू करून गेली. तीन किलोवॅट, तू सांगितलं तेवढंच. मी सगळ्या आळीला पेढे वाटले. आजोबांनी तुझं ते सूर्याचं वाक्य माझ्याकडून चारदा वाचून घेतलं आन् किती दिवसांनी हसले.

तुझ्या शकूआत्याच्या सासऱ्याला दम लागतो, म्हणून सिलिंडर आज सकाळीच टेम्पोत घालून तिकडं मुळशीला पाठवला. त्या लोखंडाकडं बघितलं की तो गुरुवार आठवायचा. गेलं एकदाचं.

उद्या गुरुवार. दहा ते चार लाईट नाही असा मेसेज आलाय. सूरज विचारत होता, घरी थांबू का. मी त्याला हसले. म्हटलं, जा कामावर, ऊन कसं कडक पडलंय.

माझ्यावर जीव असू दे. परीक्षा हाय ना तुझी? मग पत्राची घाई करू नको.

तुझी आजी