ताईच्या गावचं पाणी

४ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुमच्या पाणी-प्रयोगशाळेची तपासणी आटोपून सुखरूप पोचले. दारावरून जाऊनही आत आले नाही म्हणून रुसू नकोस. परीक्षकानं पाहुणचार झोडला की प्रमाणपत्राला कोण विचारतं?

मी तिथल्याच पाण्यात जंतू घालून देते, त्यांनी ते ओळखायचे, अशी परीक्षा असते. तुमच्या केमिस्टबाईंनी काहीच सापडलं नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, कामचुकारपणा. मग स्वतः बसले. तुमच्या नळाच्या पाण्यात जंतू सोडले, बशा उबेत ठेवल्या. कोऱ्याच राहिल्या! बरोबर नेलेल्या आमच्या पाण्यात तेच जंतू बशीभर माजले. बाई थंडपणे म्हणाल्या, इथे असंच असतं. गळक्या नळाखाली शेवाळाचा ठिपकाही नव्हता गं.

बाई खऱ्या, म्हणून सही केली. पण झोप उडालीय. तुम्ही तेच पाणी पिता ना?
मायेची भुकेली,
धाकटी

१३ जून
चि. धाकटीस,
अ. आ.
परीक्षकबाई, पितो तर काय, ओवाळून टाकतो? पत्र वाचून आधी हसले. मग आमच्या चिमणीची नखं पाहिली. इथे आल्यापासून कापलेलीच नाहीत. भिंतीवरची तिच्या उंचीची रेघही तिथंच. शाळेत गेले, तर वर्गातली सगळीच पोरं गेल्या वर्षीच्या बुटांत. शिक्षिका म्हणाल्या, या गावात बूट पुरतात. कुणालाच काही वाटत नाही.
यांना अजून बोलले नाही.
तुझी ताई

१९ जून
ती. ताईस,
शि. सा. न.
नळ बंद करा असा अहवाल लिहून ठेवलाय. तो धाडायच्या आत भावोजींना आणि चिमणीला घेऊन निघ. पाया पडते.
धाकटी

२६ जून
चि. धाकटीस,
अ. आ.
चिमणी केमिस्टबाईंबरोबर येतेय. तिला वाढू दे. मी बोलावलं तरी परत धाडू नकोस.

आम्ही येत नाही. यांच्या पोटातली गाठ तुला ठाऊक आहे. इथे आलो तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. परवा पुन्हा फोटो काढला. गाठ होती तेवढीच आहे. रात्री यांना सगळं सांगितलं. सकाळी हे स्वतःच म्हणाले, तिला अहवाल धाडू दे, लोकांची पोरं खुजी ठेवून मला जगायचं नाही.

तेव्हा धाड. मी मात्र घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवतेय. हे पाणी शिळं होत नाही. यांना कळवू नकोस.

इथे काही वाढत नाही, लोभ तेवढा वाढू दे.
तुझी ताई