गारखेड्यात तीनशे लिटर समुद्र

२८ ऑगस्ट, गुरुवार

सहा आठवडे तोंड बंद! कुजबुजायचंसुद्धा नाही. परवाच्या सभेत तासाभरानं आवाज फाटला, शेवटची दोन वाक्यं नुसती हवा. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. म्हणजे ऐकत कोण होतं?

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंना सूज. मी शिंकत, डोळे पुसत बसलो होतो, तेवढ्यात त्यांनी कागद बायकोला समजावून दिला. रिक्षात करुणा म्हणाली, "सहा आठवडे. नाहीतर कायमचा जाईल." पुढचं मला काही ऐकू आलं नाही. १२ ऑक्टोबरला, रविवारी, वाळूजला कंत्राटी कामगारांची सभा. बावीस वर्षं तिथं मीच बोलतो. मोजलं — मुदत संपते ९ तारखेला. तीन दिवस उरतात. जमेल.

करुणानं शाळेची पाटी आणि खडू आणून दिले. दुकानदारानं विचारलं म्हणे, "नातवाला का?"

३० ऑगस्ट

चहा पिता पिता करुणा म्हणाली, "निजामुद्दीनभाईंची टाकी उद्या आणायची."

निजामुद्दीन तिच्या कॉलेजातले. ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ते शेजारच्या भौतिकशास्त्राच्या. निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला चाललेत. त्यांच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे — दगडांवर जिवंत प्रवाळ, मासे, सगळा समुद्रच. अशी टाकी हवी म्हणून करुणा बारा वर्षं म्हणतेय आणि बारा वर्षं मी तिला वादात हरवतोय. ज्या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं तिथं तीनशे लिटर माशांना? हा माझा पहिला मुद्दा. एकंदर अकरा आहेत. पहिला पाटीवर लिहून होईपर्यंत ती कप विसळायला निघून गेली.

३१ ऑगस्ट

आणली.

मोतीरामनं (वाळूजच्या सभेची सगळी जुळवाजुळव तोच करतो) पाळी संपवून आलेले चार गडी आणि एक टेम्पो पाठवला. उस्मानपुऱ्यात निजामुद्दीन दारातच उभे. हातात मग, डोळ्यांत पाणी. "देखो करुणा बहन, पानी फिर बन जाता. पत्थर सूखने नक्को देना, जान पत्थर में है. और नई जगा बसने को छे हफ्ते लगते. तब तक छेडना नक्को."

टाकीलाही सहाच आठवडे! योगायोगावर माझा विश्वास नाही, पण नोंदवून ठेवतो.

मी टेम्पोत मागं, मांडीत झाकणाची बादली, बादलीत दोन नारिंगी मासे. क्रांती चौकाच्या अलीकडं खड्डा दिसला. ओरडता येईना. टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारल्या, जीव खाऊन. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे लहान पोरालाही कळतं. मी बहुधा नऊ मारल्या. ड्रायव्हरनं जो टेम्पो पळवला तो थेट गारखेड्यात, आमच्या दारात थांबवला. उतरून मला म्हणाला, "एवढी काय घाई होती काका?"

मासे जिवंत. माझा शर्ट अजून ओला आहे, खारट.

२ सप्टेंबर

अर्धं पाणी जुनं, अर्धं नवं. आरओचे आठ जार आले, त्यात करुणानं पोत्यातलं मीठ मोजून विरघळवलं. वरच्या मजल्यावरच्या लीलाबाई जिन्यातच उभ्या. "कामून एवढे जार? लगन हाय का कुणाचं? आमच्या नळाला आठ दिस पाणी नाय अन् हितं..." माझाच पहिला मुद्दा! आणि तो माझ्यावरच! पाटी शोधत राहिलो. करुणानं त्यांना वाटीभर पाणी प्यायला दिलं. लीलाबाईंनी तोंड वाकडं केलं. "ह्याचं तर वरणबी व्हायचं नाय." गेल्या. एका वाटीत वाद मिटला. मला चाळीस मिनिटं लागली असती.

टाकीखालच्या कपाटाच्या दाराला करुणानं आतून एक कागद चिकटवलाय. रोज तारीख, क्षारता, तापमान. मला ते काम दिलंय. "हात तरी मोकळे आहेत ना?"

७ सप्टेंबर

निजामुद्दीन एक डबा घेऊन आले. आत पंधरा गोगलगायी. "ये सफाईवाले हैं. रात-दिन यही काम. पैदाइशी."

पैदाइशी! मी पाटीवर लिहिलं — "जन्मानं सफाई? माझ्या घरात नाही." ह्याच एका गोष्टीविरुद्ध आमच्या तीन पिढ्या लढल्या. माझ्या आजोबांनी हातातला झाडू गावाच्या वेशीवर टाकला आणि मागं पाहिलं नाही. त्यांचा नातू बैठकीत पंधरा जणांना जन्माचा धंदा लावणार? काचेआडून बघत चहा पिणार? नाही.

निजामुद्दीननी दोनदा वाचलं. "भाई, घोंगे हैं."

करुणा म्हणाली, "मग शेवाळ कोण काढणार?"

मी छातीवर बोट ठेवलं. गोगलगायी पाहुण्या म्हणून बादलीत राहतील.

१५ सप्टेंबर

आठ दिवस जुना टूथब्रश घेऊन दंडापर्यंत खाऱ्या पाण्यात. बोटं सोलली. सकाळी काच लख्ख, संध्याकाळी हिरवी. नारिंगी मादी (दोघांत मोठी ती) माझ्या अंगठ्याला चावते. रोज. तिच्या दृष्टीनं मी घुसखोर. तिचा मुद्दा बरोबर आहे.

मोतीराम आला. सभेचं पत्रक छापायचंय. "सर, आवाज नाहीच आला तर? पॅकिंगमधली रूपा बोलेल म्हणते." मी पाटीवर लिहिलं, "येईल." खडू मोडला. रूपाला कामावर लागून तीन वर्षं झालीत. तीन!

१६ सप्टेंबर

बादलीत पाहिलं. बादली आतून चकाचक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी उभं नव्हतं डोक्यावर. दिवसभर विचार केला. त्या सफाई करत नाहीत, जेवतात. सफाई हे नाव आपण दिलं. कुणाच्या जगण्याला आपल्या सोयीचं नाव द्यायचं आणि मग म्हणायचं, हे ह्यांचं जन्माचं काम — सगळा अन्याय असाच तर सुरू होतो! माझं चुकलं, मीही निजामुद्दीनभाईंच्याच शब्दाला धरून बसलो.

पंधराही जणांना टाकीत सोडलं. पाटीवर करुणासाठी लिहिलं: "ह्यांना सफाईवाले म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"जेवणारी मंडळी."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

२२ सप्टेंबर

दुपारी लाइट गेली. पंप बंद. पाण्याला हवा मिळाली नाही तर दोन-तीन तासांत सगळं मरतं. इन्व्हर्टर नेमका दुरुस्तीला. मी स्टुलावर, हातात मग. पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं. उचलायचं, ओतायचं. दोन तास वीस मिनिटं.

करुणा शेजारी उभी राहून बोलत होती. कॉलेजात असताना सहलीला रत्नागिरीला गेली होती. समुद्र पहिल्यांदा पाहिला. चाखला. बाटलीभर पाणी आईला दाखवायला घेतलं. आईनं समुद्र पाहिला नव्हता. येताना एसटीत बाटली फुटली, शेजारच्या माणसाचं धोतर भिजलं, तो तिला गेवराईपर्यंत बोलत राहिला. घरी आली तेव्हा बाटलीच्या बुडाशी चमचाभर उरलं होतं. आईनं त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि म्हणाली, "एवढं मीठ कुणी टाकलं गं?"

सव्वीस वर्षं झाली लग्नाला. ही गोष्ट मला माहीत नव्हती. तिनं कधी सुरू केली असती, तर मी मिठाच्या कराचा इतिहास सांगितला असता. पूर्ण.

लाइट आली. एकही मेलं नाही. दंड वर उचलवत नाही.

२९ सप्टेंबर

करुणा आता रोज बोलते. टाकीपाशी चहा घेऊन बसायचं, सुरू. आज प्रयोगशाळेतली गोष्ट: एका प्राध्यापकानं तिनं काढलेली निरीक्षणं स्वतःच्या नावानं छापली. मी काय केलं असतं? मोर्चा. तिनं काय केलं? पुढच्या वेळी त्याला साखरेचं द्रावण मीठ म्हणून दिलं.

मी हसलो — आवाज न करता. जमतं.

५ ऑक्टोबर

रूपा येऊन गेली. बारीकशी, हातात वही. "सर, पयलं वाक्य काय घेऊ?" पाटी उचलली, ठेवली. मला पहिली वाक्यं शेकडो येतात. टाकीकडं बोट दाखवलं — तिथं बोल. ती माशांसमोर सात मिनिटं बोलली. कुठं आकडा चुकला, एकदा रडायला आली, पण पाळीवर बोट गेलेल्या बाईचं सांगितलं तेव्हा करुणा आतून पोळपाट तसाच टाकून दारात आली.

चांगली बोलते. पण रविवारी मीच बोलणार. तिला पुढच्या वर्षी.

८ ऑक्टोबर

उद्या! भाषण मनात तयार आहे. सव्वा तासाचं.

प्रवाळ पूर्ण उमललंय. करुणा म्हणाली, "बसली टाकी."

९ ऑक्टोबर

सकाळी क्षारता लिहायला गेलो, कागद भरला होता. नवा लावावा म्हणून टेप काढली. कागद उलटला. मागं डॉक्टरांचं नाव, माझं नाव, २८ ऑगस्ट. "आवाजाला पूर्ण विश्रांती — दहा दिवस."

जन्मभर लोकांना सांगत आलो, वाचा. सदतीस दिवस ह्याच कागदावर रोज लिहीत होतो.

गच्चीवर गेलो. हळूच "करुणा" म्हणून पाहिलं. आवाज आहे. चांगला आहे.

खाली आलो. कागद होता तसा चिकटवला, कडेच्या जागेत आजची क्षारता बसवली. ती टाकीपाशी चहा घेऊन बसली होती, माझाही कप ओतलेला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "झाले सहा आठवडे. बोलणार ना आता?"

मी पाटी घेतली. लिहिलं — "सोमवारी."

मग खाली — "रूपाला कळवतो. त्या प्राध्यापकाचं पुढं काय झालं?"