बिनआवाजाची पेटी

८ जुलै, मंगळवार

शेजारच्या हौसाबाई आज कुंपणापाशी येऊन सुनावून गेल्या! "सत्यवाना, काय रे, घरात लोहार ठेवलंस? दुपारची निज मेळना नाय." खरं आहे त्यांचं. एअरगनचा छर्रा पत्र्यावर आपटला की टण्ण! घरभर घुमतो.

पण एवढ्या पावसात बाहेर नेम धरू कुठे? सरळ दहा मीटर घरात एकाच रेषेत मिळतात — ओटी, माजघर, मागची पडवी. तिन्ही दारं समोरासमोर. निलेश सरांच्या कणकवलीच्या नेमबाजीच्या वर्गातून चौघांचा संघ ऑगस्टात कोल्हापूरला स्पर्धेला जाणार आणि त्यात मी चौथा, म्हणजे काठावरचा. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा कुठल्या संघात नाव लागतंय. सराव सुटता कामा नये. काहीतरी बिनआवाजाचं करायला हवं.

११ जुलै

आंब्याची जुनी लाकडी पेटी घेतली. पाठीला माझ्या हार्डवेअरच्या दुकानातला जाड प्लाय, त्यामागे पत्रा. पोटात नारळाचा काथ्या. तोंडाला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लक्ष्याचा कागद. आवाज कमी झाला — पण काथ्याची धूळ! थेट आमटीत. बायकोने — सुगंधाने — वाटी फक्त माझ्याकडे सरकवली.

१३ जुलै, रविवार

बंदरावर बाबलीकडून फाटकं नायलॉनचं जाळं आणलं. तो हसला. "ह्यात आता मासो सुदीक अडकाचो नाय, तुझो छर्रो कसो अडकतलो?" तुकडे करून पेटीत ठासून भरले. पहिलाच छर्रा उसळून माघारी आला!

सुगंधा शेजारीच होती. मी बंदूक हातात घेतली की तिला मागे स्वयंपाकघरात जायची बंदी, म्हणून ती ओटीवर माझ्या बाजूला पाय पसरून वाल सोलत बसते. म्हणाली, "घट्ट कित्याक भरतास? सैल सोडा."

सैल सोडलं. थप्. बस्स, उशीवर चापट मारावी एवढाच आवाज! हौसाबाईंना जाऊन विचारलं, काही ऐकू आलं का. "खंय काय?" म्हणाल्या. आज मी राजा!

१६ जुलै

सुगंधा म्हणाली, "माका बघूंदे एकदा." बंदूक कशी धरायची ते दाखवलं. पहिला छर्रा कागदाच्या कोपऱ्यात. मी पोटभर हसलो. मग एक नऊ. मग दहा. मग पुन्हा दहा!

नशीब एकेकाचं. वाल सोलायला परत बसली.

१८ जुलै

नशीब नाही ते. आज तिचे पुन्हा चार दहा.

२० जुलै, रविवार

बहिणीकडे जायचं म्हणून सुगंधा कणकवलीला माझ्याबरोबर आली. वर्गात सहज डोकावली आणि सरांनी तिच्या हातात बंदूक दिली. पाच मिनिटांत सगळे तिच्याभोवती गोळा! चहासुद्धा तिला आधी. मला आणून दिला तो गार.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, छर्रा सुटल्यावरही ताई हलत नाहीत. सत्यवान, तुम्ही लगेच मान वर करता. किती लागलं ते बघायला."

येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. माझ्या अंगाचा तिळपापड!

२२ जुलै

एकट्याने सराव. मान खाली, मान खाली म्हणत — उचललीच!

कारण आत्ता कळलं. पूर्वी पत्रा टण्ण वाजायचा आणि लागलं ते कानाला कळायचं. आता काहीच वाजत नाही, मग डोळे धावतात. तिला किती लागलं याची पडलेलीच नाही, म्हणून ती हलत नाही. पेटी मी केली. तिच्यासाठी केल्यासारखी झाली!

२५ जुलै

छर्रे संपले म्हणून सांगितलं तिला. डबा दुकानात गल्ल्याखाली आहे. "बरा," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

इथे कोण वाचणार आहे? जळतो मी तिच्यावर. सव्वीस वर्षं जिने माझ्या ताटात वाढलं, तिचा कागद बघून पोटात दुखतं. मधल्या काळ्या ठिपक्यात पाच छर्रे, भोक मात्र एकच. मी तो कागद चुलीत घातला.

३ ऑगस्ट, रविवार

ताप आल्याची सबब सांगून वर्गाला गेलो नाही. दुपारी सरांचा फोन. "सत्यवान, स्पष्टच बोलतो. चौथ्या जागी सुगंधाताईंना घेऊ या. तुम्ही घरचेच, समजून घ्याल. शनिवारी सकाळी कोल्हापूरची गाडी तुमच्या दारात, जामसंड्याला येईल. त्यांना विचारून सांगा."

"सांगतो," म्हणालो.

"कोणाचो फोन?" सुगंधा आतून.

"सिमेंटवाल्याचा."

४ ऑगस्ट

सरांना मेसेज टाकला — तिला जमणार नाही म्हणते. उत्तर आलं, "बरं." नुसतं "बरं".

दिवसभर दुकानात लक्ष नाही. गिऱ्हाईकाला खिळ्यांऐवजी स्क्रू दिले.

५ ऑगस्ट

जेवताना विचारते, "सरांचो काय निरोप?"

"काही नाही."

भात वाढला. माझ्याकडे बघत राहिली. मी आमटी मागितली.

७ ऑगस्ट

आज पुन्हा. "कोल्हापुराक कोण कोण जातले?" "आम्ही चौघे." "आणि काय नाय?" "आणखी काय असणार!" — केवढ्यानं ओरडलो मी. ती उठून गेली.

सांगावं का? ओठांपर्यंत येतं. मग सगळ्यांचे चेहरे दिसतात, ती मध्ये, मी गार चहा घेऊन कडेला. नाही सांगवत. बंदूक पुसून ठेवली, पिशवी भरली.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी गाडी आली. मी पिशवी घेऊन अंगणात. सुगंधा माझ्यामागून बाहेर आली — पायांत बूट, खांद्याला तिची बॅग — आणि सरळ जाऊन चौथ्या जागेवर बसली. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बंदूक पुढे केली. "नको," म्हणाली, "सरांनी दुसरी दिल्यानी." मग काच खाली करून, अगदी हळू — "तुमचो मेसेज इलो त्याच दिसा सरांनी माका फोन केल्यानी. मी येतंय म्हणान सांगलंय. तुमका रोज इचारलंय. वाटला, आज तरी सांगशात."